जेवण लिहिलं, खाणं राहिलं

आहाराची वही आणा म्हटलं की लोक काय आणतात, याचा मला आहारतज्ज्ञ म्हणून पंधरा वर्षांचा अनुभव आहे. कुणी मोबाइलमध्ये तीन दिवस लिहून चौथ्या दिवशी सोडून देतं. कुणी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून आठवडाभराचं एकदम भरतं. या बाईंनी शंभरपानी वही आणली होती. चौदा दिवस, चौदा पानं, प्रत्येक पानाला तांबड्या शाईचा समास, वर तारीख आणि वार. अक्षर असं की फळ्यावरून अलगद उचलून कागदावर ठेवलंय. शेवटच्या पानावर एकच ओळ, अधोरेखित : 'यात कुठे चुकते ते सांगावे.'

बाई सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. नाव देत नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत आणि हे लिहायला त्यांचा होकार आहे. आमच्या दवाखान्यात सगळे त्यांना बाईच म्हणतात, कारण कंपाउंडरसकट निम्म्या पेठेला त्यांनी चौथीत शिकवलंय.

जुलै २०२३ मध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा वय ४७, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७४.२ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३१ च्या वर. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, तेव्हा यात शंकेला जागा नव्हती. गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चार वर्षं चालू. २०१७ मध्ये विम्याच्या तपासणीत वजन ६२ भरलं होतं, तो कागद त्यांनी जपून ठेवला होता आणि सोबत आणलाही होता. सहा वर्षांत बारा किलो.

"मॅडम, मी काहीच खात नाही हो," बाई म्हणाल्या. "वारा खाल्ला तरी माझ्या अंगाला लागतो. माझी मिरजेची बहीण माझ्या दुप्पट खाते, तिच्या अंगाला काही लागत नाही. माझा मेटाबॉलिझमच मंदावलाय. चाळिशीनंतर मंदावतोच ना? त्यात हा थायरॉइड."

हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा तरी ऐकते. सुरुवातीच्या वर्षांत मनात यायचं, खोटं बोलतायत. आता तसं वाटत नाही, आणि त्याला या बाईंचं प्रकरण बरंचसं कारण आहे.

आधी साधं गणित. वहीतल्या चौदा दिवसांची सरासरी निघाली ११५० कॅलरी. आता बाई दिवसभर नुसत्या पडून राहिल्या तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालवायला किती लागतील? वजन, उंची, वय घालून सूत्राने येतात साधारण १३००. ही सूत्रं परदेशी माणसांवर बेतलेली. आपल्याकडे त्याच वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त भरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. स्नायू कमी तर बसल्या जागचा खर्चही कमी. म्हणून मी सूत्रातून दहा टक्के कापले : ११७५. त्यावर शाळा, जिना, ओटा, धुणं-भांडी धरून दीडपटीच्या जरा आत, म्हणजे १७०० च्या आसपास.

वही बरोबर असती तर रोज साडेपाचशे कॅलरी शरीराला साठ्यातून काढाव्या लागल्या असत्या. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. चौदा दिवसांत बाईंचं वजन किलोभर तरी उतरायला हवं होतं. पहिल्या दिवशी काटा ७४.२ होता, पंधराव्या दिवशी ७४.४.

इथे दोनच वाटा उरतात. एक तर बाईंचं शरीर तेवढंच काम एक तृतीयांश कमी इंधनात उरकतंय, किंवा वहीत काहीतरी यायचं राहिलंय.

पहिली वाट आधी तपासली, कारण तीच त्यांची तक्रार होती. थायरॉइडची रक्ततपासणी, टीएसएच, २.८, म्हणजे गोळी व्यवस्थित लागू पडलेली. थायरॉइडचं औषध न घेता बसलेल्या माणसाचंही वजन त्यापायी वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातला बराच भाग मीठ-पाण्याचा असतो. बारा किलो चरबीचा आळ त्या ग्रंथीवर घालता येत नाही, आणि गोळी चालू असताना तर नाहीच. वजन वाढवणारी औषधं असतात : स्टेरॉइड, मनोविकारांवरच्या काही गोळ्या, फिट्सवरची एखाद-दुसरी, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या. यातलं काही चालू नव्हतं. बाकीच्या ग्रंथींचं आमच्या फिजिशियननी पाहिलं, काही निघालं नाही.

मग वय. चाळिशीनंतर चयापचय मंदावतो हे इतकं सर्वमान्य आहे की मीही दहा वर्षं पेशंटना तेच सांगत आले. २०२१ मध्ये सायन्स या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६४२१ माणसांची मोजणी एकत्र करून छापली. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या माणसापर्यंत सगळे होते. शरीराचा आकार आणि त्यातला चरबीखेरीजचा भाग हिशोबात घेतला, तर विशीपासून साठीपर्यंत रोजचा ऊर्जाखर्च जवळजवळ सपाट राहतो. साठीनंतर दरवर्षी ०.७ टक्क्यांनी उतरतो. सगळ्यांत वेगवान भट्टी असते वर्षभराच्या बाळाची, आकाराच्या मानाने मोठ्या माणसाच्या दीडपट. बाई ४७ च्या. पाळी अनियमित झाली होती, त्या काळात चरबी पोटाकडे सरकते हे खरं. पण भट्टी विझलीय असं म्हणायला आधार नव्हता. उलट वजन वाढलं की खर्चही वाढतो, कारण मोठं शरीर चालवायला इंधन जास्त लागतं. हे सांगितलं की पेशंट हमखास नाराज होतात. बाईही झाल्या.

दुसऱ्या वाटेकडे वळताना मला नेहमी न्यूयॉर्कमधलं एक जुनं काम आठवतं. वजन कमीच होत नाही म्हणणाऱ्या माणसांवर इतकं नेमकं काम क्वचितच झालं असेल. डिसेंबर १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते छापलं गेलं. नऊ बायका, एक पुरुष. सगळे लठ्ठ, सगळ्यांचं म्हणणं एकच : दिवसाला १२०० च्या आत खातो तरी वजन हलत नाही. संशोधकांनी त्यांना सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही. आधी चयापचयच मोजला. बसल्या जागचा खर्च श्वासावरून, आणि पूर्ण दिवसाचा खर्च एका खास पाण्यावरून. या पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही नेहमीपेक्षा जड जातीचे असतात. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो, जड ऑक्सिजन पाण्यातूनही आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोघांच्या उतरण्याच्या वेगातला फरक म्हणजे शरीराने सोडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून जाळलेलं इंधन. माणूस घरी जातो, कामाला जातो, आपलं आयुष्य जगतो. लघवीचे नमुने तेवढे द्यायचे.

निकाल असा : चयापचय दहाही जणांचा अपेक्षेच्या पाच टक्क्यांच्या आत. म्हणजे ठणठणीत. त्यांनी लिहिलेलं खाणं सरासरी १०२८ कॅलरी, प्रत्यक्ष खाणं २०८१. व्यायाम मात्र होता त्यापेक्षा बराच जास्त लिहिलेला. मला यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुढची वाटते. या दहा जणांत कसलाही मानसिक विकार सापडला नाही. त्यांच्यात थायरॉइडच्या गोळ्या घेणारे मात्र इतरांपेक्षा जास्त होते, आणि लठ्ठपणा अनुवंशिक किंवा चयापचयाचा आहे हा विश्वासही पक्का होता. आपलं खाणं चारचौघांसारखंच आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं.

हसू येत असेल तर एक आकडा आमच्या बिरादरीचाही देते. पुढे अशाच पाण्याने आहारतज्ज्ञांना मोजलं. खाण्याच्या नोंदी ठेवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनीही दिवसाला सरासरी २२३ कॅलरी कमी लिहिल्या होत्या. इतरांच्या ४२९ राहून गेल्या होत्या, एवढाच काय तो आमचा मोठेपणा.

असलं पाणी सांगलीत कुठून आणणार? महागही फार. पण मध्यमवर्गीय घरात त्याच्या जवळपास जाणारी एक वस्तू असते, ती म्हणजे वाण्याची यादी. माणसाची आठवण चुकते, दुकानदाराची वही सहसा चुकत नाही. मी बाईंना म्हटलं, जेवणाची वही राहू द्या, तीन महिन्यांची किराण्याची बिलं आणा.

घरात चार मोठी माणसं : बाई, त्यांचे पती, सासरे, कॉलेजात जाणारा मुलगा. महिन्याला तेल पाच लिटर. भागिले चार, भागिले तीस, म्हणजे माणशी रोज जवळजवळ ४२ मिलिलिटर. कॅलरी सुमारे ३४५. बाईंच्या वहीत रोजचं तेल होतं 'दोन चमचे', म्हणजे ९० कॅलरी. शेंगदाणे महिन्याला दीड किलो, माणशी रोज साडेबारा ग्रॅम, ७० कॅलरी. वहीत शेंगदाण्याचा शब्दही नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "कूट होय? ते भाजीत असतं." आमच्याकडे कूट हा मसाल्याच्या डब्याचा सातवा कप्पा आहे, त्याला कुणी खाणं म्हणत नाही. साखर चार किलो, माणशी १३० कॅलरीच्या वर. वहीत चहा दोन, यादीप्रमाणे आणि शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांप्रमाणे पाच.

हा हिशोब ढोबळ आहे हे मला कळतं. तळणीचं तेल सगळं पोटात जात नाही, पाहुणे येतात, मुलगा वडिलांच्या दुप्पट खातो. भागिले चार म्हणजे न्याय नव्हे. तरी वही आणि यादी यांच्यातलं अंतर इतकं मोठं होतं की मी घरी येऊ का असं विचारलं. बाई म्हणाल्या, "या की, जेवायलाच या." म्हटलं, जेवायला नको, बघायला येते.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी गेले. त्या वर्षी श्रावण दोन होते, हा निज श्रावणातला सोमवार. शाळा लवकर सुटलेली, बाईंना उपवास. वहीत उपवासाच्या दिवशी दुपारचा रकाना कोरा असायचा, फक्त एक आडवी रेघ. कोरं पान म्हणजे शून्य धरून मीही सरासरी काढली होती. ही चूक माझी.

साबुदाणा भिजून टपोरा झालेला. किती घेतला होता? दीडशे ग्रॅम, सासऱ्यांसाठी आणि त्यांच्यासाठी मिळून. मी माझा छोटा काटा ओट्यावर मांडला. कूट ६० ग्रॅम. तूप दोन मोठे चमचे, २५ ग्रॅम. एक मध्यम बटाटा. कढईतून वाफ यायला लागली, जिरं-मिरचीचा वास घरभर, आणि मी तिथे उभ्या उभ्या बेरीज करतेय हे मलाच जरा अवलक्षण वाटलं. पूर्ण खिचडी ११६० कॅलरी, बाईंचा अर्धा वाटा ५८०. त्यांचा रोजचा डबा, दोन पोळ्या आणि कोरडी भाजी, साडेतीनशेच्या आसपास भरतो. चौदा पानांतलं जे पान मी सगळ्यांत हलकं समजत होते ते सगळ्यांत जड निघालं.

मग संध्याकाळचा स्वयंपाक. त्याआधी कूट संपलं म्हणून शेंगदाणे भाजायला घेतले. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मंद आचेवर दाणे तडतडायला लागले की एक तोंडात टाकून बघायचा, भाजला का. मग दुसरा, कारण पहिला कच्चा होता. ताटात ओतून हाताने चोळायचे, टरफल सुटलं की सुपात घेऊन अंगणात पाखडायचे. पाखडताना बोलणं चालूच, बोलता बोलता चार दाणे, परत चार. बाईंचा हात ताटाकडे जात होता आणि त्यांना ते दिसत नव्हतं. माझ्याशी त्या बदलीच्या नव्या धोरणाबद्दल बोलत होत्या. मी आधी ताट मोजलं होतं, नंतर परत मोजलं. टरफलं धरूनसुद्धा २५ ग्रॅम कमी. दीडशेच्या जवळ कॅलरी.

रात्री सगळ्यांना वाढून त्या शेवटी बसल्या. ताटात एक पोळी, वरण, भाजी. अगदी वहीत लिहितात तसं. सगळे उठल्यावर भांडी आवरताना पातेल्यात वाटीभर भात उरलेला. फ्रीजमध्ये ठेवावा तर थोडा आहे, टाकावा तर टाकवत नाही. त्यात दही घातलं, मीठ घातलं, उभ्यानेच संपवला. भात १८० ग्रॅम होता, दही वेगळं. तेवढ्यात मुलाच्या ताटातली अर्धी पोळीही गेली.

"बाई, हे वहीत कुठे लिहिता?"

"हे?" त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. "हे काय जेवण आहे का?"

त्या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. आपण एकमेकांना विचारतो, जेवलात का. जेवण म्हणजे ताट, पाट, बसणं, वाढणं. चहा हा 'घोटभर' असतो. प्रसाद नाकारायचा नसतो. उपवासाला फराळ करतात, जेवत नाहीत. आमटीची चव बघतात, दाणे तोंडात टाकतात, उरलेलं संपवतात. या सगळ्या क्रियांना मराठीत आपापली क्रियापदं आहेत आणि त्यातलं एकही 'जेवणं' नाही. मी बाईंना सांगितलं होतं, रोज काय जेवता ते लिहा. बाई शिक्षिका, सांगितलं तेवढंच आणि तसंच केलं. वही जेवणाची होती, आणि जेवणाची वही म्हणून अचूक होती.

आता प्रश्न असा, की बाई हे सगळं आधीही करत असतील. मग २०१७ नंतरच वजन का चढलं? हे विचारलं तेव्हा खरी माहिती बाहेर आली. २०१७ च्या अखेरीला सासूबाई गेल्या. तोवर ओटा त्यांचा होता. दाणे त्या भाजत, ताट त्या वाढत, आणि उरलंसुरलं त्याच संपवत. सून नोकरीवरून यायची, वाढलेल्या ताटावर बसायची. सासूबाईंच्या माघारी ओट्याबरोबर उरलेलं संपवायचं कामही वारशाने आलं. २०१८ मध्ये प्रभारी मुख्याध्यापकपद आलं, म्हणजे वर्गात फिरणं कमी आणि ऑनलाइन माहिती भरणं जास्त. २०१९ मध्ये स्कूटर आली, त्याआधी शाळेत चालत जायच्या, येऊन-जाऊन साडेतीन किलोमीटर.

यातली एकही गोष्ट मोठी नाही. मोठी असायची गरजही नसते. केव्हिन हॉल या अमेरिकी संशोधकाने शरीराचं गणिती प्रतिरूप करून काढलेला ढोबळ नियम असा : रोजच्या खाण्यात कायमची २४ कॅलरींची वाढ झाली तर वजन शेवटी एक किलोने वर जाऊन स्थिरावतं. निम्मी वाढ पहिल्या वर्षात, बाकीची पुढच्या दोन-तीन वर्षांत. बारा किलोंना रोज सुमारे २९० कॅलरी पुरतात. दही-भाताची वाटी आणि मूठभर दाणे इतकंच ते आहे.

म्हणजे चयापचय निर्दोष आणि खाणं दोषी, झालं? इथे माझं काही सहव्यावसायिकांशी पटत नाही. 'कमी खा' हे उत्तर नाही. तो प्रश्नच आहे, दुसऱ्या शब्दांत मांडलेला. बाईंची बहीण मी पाहिलेली नाही, तिच्याबद्दल निकाल देत नाही. पण माणसामाणसांत फरक असतो, आणि तो दाखवणारे प्रयोग तितकेच पक्के आहेत. १९९० मध्ये कॅनडात क्लॉद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्यांना आठवड्यातले सहा दिवस रोज हजार कॅलरी जास्त चारल्या, एकूण ८४ दिवस. सरासरी ८.१ किलो वाढले, पण कुणी ४.३ आणि कुणी १३.३. जोडीतले दोघे मात्र बरेचसे सारखे वाढले. १९९९ मध्ये जेम्स लेव्हिन यांनी सोळा जणांना आठ आठवडे तसंच जास्तीचं खायला घातलं. काहींचं शरीर नकळत चुळबुळ वाढवून, उठबस वाढवून रोज जवळजवळ सातशे कॅलरी उधळत होतं, काहींचं ढिम्म. बहिणीच्या अंगाला लागत नसेल तर कदाचित यामुळे. ओट्याजवळ स्वस्थ न बसणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

दुसरं, बाईंनी २०२१ मध्ये एका वजन उतरवण्याच्या केंद्रात पैसे भरले होते. दोन महिने सूप, सॅलड आणि कसलीतरी पावडर. सात किलो उतरले. पुढच्या दहा महिन्यांत नऊ चढले. केंद्रातल्या मुलीने त्यांना सुनावलं की तुमच्यात निर्धार नाही. हे ऐकून मला राग आला. वजन उतरलं की शरीराचा खर्च खरंच घटतो, कधी अपेक्षेपेक्षा जास्त. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतले चौदा स्पर्धक सहा वर्षांनी मोजले, तर त्यांचा बसल्या जागचा खर्च असायला हवा त्यापेक्षा रोज सरासरी पाचशे कॅलरी कमी होता. ते टोकाचं उदाहरण झालं. सर्वसाधारण माणसात उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरी घटतो. पण भूक वाढते दर किलोमागे शंभराच्या आसपास. सात किलो उतरवलेल्या बाईंच्या पाठीशी रोज सातशे कॅलरींची भूक लागली होती, आणि ती भूक दाणे भाजताना, पातेलं पुसताना, न विचारता आपलं वसूल करत होती. माझ्या मते शरीराचा खरा खोडकरपणा इथे, भुकेत आहे. भट्टी फार थोडी खोडी काढते.

पुढे काय केलं ते थोडक्यात, कारण त्यात चमत्कार काही नाही. डाएटचा कागद मी दिलाच नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा आणायचा तो आणायचा, पण पहिल्या तारखेला तीन लिटर ओट्यावर आणि दोन लिटर कपाटात. साडेतीन लिटरमध्ये महिना निघायला लागला, आणि सासऱ्यांशिवाय कुणाला कळलं नाही. भात मोजून कमी लावायचा. उरलाच तर सकाळी फोडणीचा भात मुलाला. उपवासाला खिचडीऐवजी राजगिरा-दूध किंवा वरीचा भात आणि दाण्याची पातळ आमटी. शेंगदाणे रविवारी मुलाने भाजायचे. (पहिल्या रविवारी त्याने करपवले. चालतं.) चहा पाचच, साखर निम्मी. सकाळी मटकीची उसळ किंवा अंडं, म्हणजे दुपारपर्यंत पोटाला आधार. शाळेत जाताना स्कूटर, पण येताना चालत, ही अट पावसाळ्यात पाळली गेली नाही.

एप्रिल २०२४ मध्ये वजन ६८.९, एचबीए१सी ५.८. नऊ महिन्यांत पाच किलो तीनशे ग्रॅम. बाईंना ते कमी वाटलं, मला बरोबर वाटलं. कागदावर आम्ही रोज तीनशे कॅलरी कापल्या होत्या, त्या हिशोबाने पहिल्या वर्षात सहाच्या आसपास यायचे होते. मग मे महिना, पुतण्याचं लग्न, आमरस, कुरडया-पापड्यांचं वाळवण. जूनच्या शेवटी ७०.१.

"सुट्टीत वाढलं ते कळलं," बाई म्हणाल्या. "पण शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले, सगळं मोजून चाललंय, तरी हलत नाही. म्हणून मीच शोधायला लागले. एक वही राहिली होती."

त्यांनी पर्समधून मोबाइल काढला. फोटोत एक लांबट नोंदवही, शाळेचा शिक्का. दिनांक, आजचा आहार, चव घेणाऱ्याचे नाव, शेरा, सही. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखून बघायचा असतो आणि तशी नोंद ठेवायची असते. २०१८ पासून ते काम मुख्याध्यापक म्हणून बाईंकडे होतं. मसालेभात. मूगडाळ खिचडी. मटकी उसळ-भात. पुढे प्रत्येक ओळीला तेच सुरेख अक्षर : 'चव घेतली. चांगली.' आणि सही.

"सहा वर्षं मी रोज लिहून देतेय की मी खाल्लं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू फुटलं. "त्याच्यानंतर तासाभराने डबा."

मी विचारलं, चव म्हणजे किती? चमचाभर?

बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली स्टीलची वाटी काढली आणि माझ्या काट्यावर ठेवली. रिकामी, ६२ ग्रॅम.

"भरलेली मी काल शाळेत मोजली. २४०."

मी वजाबाकी करायच्या आत त्यांनी शंभरपानी वही उघडली आणि नव्या पानाला तांबडा समास आखायला घेतला.